झाडाला पैसे लागलेत

माझं माहेर वैशाखऱ्याचं. आमच्या खळ्यात उभं राहिलं की माळशेजचा डोंगर समोर दिसायचा. लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायला अजून वर्षभर होतं. माहेराहून माझ्याबरोबर दोन लुगडी आली आणि रांजणाच्या बुडात लावलेलं आंब्याचं रोप आलं.

तो रांजण आमच्याच घरातला. त्याची कड फुटली तेव्हा आईने वरचा भाग ठोकून काढला, बुडाला भोक पाडलं, परसातली काळी माती भरली आणि तिच्यात शेप्याची कोय लावली. शेप्या म्हणजे आमच्या घरामागचा आंबा. त्याच्या रसाला शेपूसारखा वास यायचा, म्हणून शेप्या. आमच्याकडे प्रत्येक आंब्याला असं नाव असे, जसं बैलांना असतं. कोयीपासून आलेलं झाड मूळ झाडावर जाईलच असं काही नाही, हे आईला माहीत होतं. ती म्हणाली, "शेप्यावर गेलं तं गेलं, नाय तं नाय. सावली तं घरची मिळेल."

मांडवात आहेर मांडला तेव्हा हंडा नव्हता, कळशी नव्हती. त्या वर्षी आमच्याकडे नव्हतीच ऐपत. भांड्यांच्या जागी माझा भाऊ कोंडू याने तो रांजण आणून ठेवला. माझ्या सासूबाई, धोंडूबाई, तोंडाच्या फटकळ. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हंडा-कळशीच्या जागी झाड दिलंनी! या झाडाला काय पैसे लागणार हायत?"

मांडव हसला. कोंडूदादाचे कान लाल झालेले मला मुंडावळ्यांच्या आडून दिसले. रांजण उचलून त्याने गाडीत नीट ठेवला, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पेंढा कोंबला, आणि वाटेतल्या किन्हवलीपर्यंत गाडीबरोबर चालत आला.

शहापुरात आमची खोली बाजारामागच्या आळीत होती. माझे घरवाले लाकडाच्या वखारीत कामाला. त्यांचं नाव चंदर. तेव्हा ते नाव मी तोंडाने घेत नव्हते, आता कागदावर लिहायला हरकत नाही. खोलीपुढे अंगण होतं, पण फरसबंद. खणायला घरमालकाची परवानगी नव्हती. सारवायला जागा नाही, तुळस लावायला माती नाही. माती म्हणून डोळ्यांना दिसायची ती माझ्या रांजणातली तेवढी.

त्या मातीत माझ्याबरोबर बरीच मंडळी आली होती. गांडुळं होती. मुंगीपेक्षा बारकी, पांढरी, बोट लावलं की उडी मारणारी कीड होती, तिला नावच नव्हतं. आणि वाणी होते. वाणी म्हणजे तो काळा-तांबडा, करंगळीएवढा लांब, शेकडो पायांचा प्राणी. घाईने कधी जात नाही, आणि हात लावला की अंग गुंडाळून गोल होऊन पडतो. आमच्या वैशाखऱ्यात त्याला वाणीच म्हणत. आई सांगायची, उधार मागितल्यावर दुकानातला वाणी जसं अंग आखडतो तसा हा आखडतो, म्हणून वाणी.

सासरी येऊन दोन-तीन महिने झाले असतील. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. रांजणातला एक वाणी उंबरा ओलांडून आत आला आणि तांदळाच्या कणगीकडे निघाला. सासूबाई शेजारणीकडे बसल्या होत्या. माझे हात पिठाचे. मी बसल्या जागेवरून ओरडले, "आत्याबाई, या लवकर! घरात वाणी शिरलाय! कणगीपाशी चाललाय!"

आमच्या आळीच्या तोंडाशी एका वाण्याचं दुकान होतं. सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत धावत आल्या. त्यांच्या हातात शेजारणीचा खराटा होता, आणि मागे अर्ध्या आळीतल्या बाया.

"कुठं हाय तो मेला? बायकामाणसांच्या घरात शिरतो?"

"तो काय, कणगीखाली गेला."

"कणगीखाली?" सासूबाईंनी खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ह्यो? अगं, ह्यो तं पैसा!"

त्यांच्याकडे त्याला पैसा म्हणत. गुंडाळून पडला की तांब्याच्या पैशासारखा दिसतो म्हणून. बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. मग पुढे कितीतरी दिवस विहिरीवर तेच. "काय मैने, आज वाणी आला होता का गो?" "जेवूनबिवून गेला का वाणी?" एकदा मीठ आणायला गेले तर दुकानातल्या त्या खऱ्या वाण्यानेसुद्धा मान खाली घालून हसू दाबलं. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला. पैसा म्हणू लागले. सुरुवातीला आठवून म्हणावं लागे, मग सवय झाली, मग तोच खरा वाटायला लागला. नव्या सुनेचे असे किती शब्द जातात, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

त्या दिवाळीला कोंडूदादा मुराळी होऊन मला न्यायला आला. लेकीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक निघत नाही. कोणी निघालीच तर लोक विचारतात, टाकली का काय हिला? दादा आला, मी गेले, चार दिवस आईच्या मागेमागे फिरले आणि परत आले.

परत आल्यावरचे दिवस फार वाईट गेले. दिवाळीआधी मी नवेपणाच्या भीतीत होते, आठवणीला सवड नव्हती. आता भीती गेली आणि सगळी जागा आठवणीने घेतली. भात झोडण्याचा आवाज आठवे. आईच्या हाताला येणारा राखेचा वास आठवे. रडायला जागा नव्हती, एकच खोली. मग मी तांब्या उचलायची आणि रांजणाला पाणी घालायची. पाठमोरी उभी राहिले की कोणाला तोंड दिसत नसे. सकाळी एक तांब्या, दुपारी भांडी घासून झाल्यावर एक, दिवेलागणीला एक. झाडाची पिकली पानं मातीवर पडत, तीही मी उचलत नसे. माहेरच्या झाडाची पानं उकिरड्यावर कशाला टाकायची, असं वाटे.

पौष लागला तेव्हा रांजणात पैसेच पैसे झाले होते. पान उचललं की खाली दहा-वीस. रांजणाच्या बाहेरच्या अंगावर चढत, फरशीवर उतरत, घरात येत. एकदा घरवाल्यांच्या अंथरुणात सापडले. आणि त्याच दिवसांत आंब्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी दोन्ही गोष्टी जोडल्या. मला वाटलं, हेच माझं झाड खातायत.

सासूबाई म्हणाल्या, "सांगते काय, उचल ते मडकं आन् टाक नदीत. नाय तं चुना घालते."

"चुना नको आत्याबाई. दादाला विचारते. त्याला झाडातलं कळतं."

"दादा कुठं बसलाय तुझा, उंबऱ्यात?"

म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती. पौषातल्या त्या जत्रेला शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतली माणसं बैलांसाठी जमतात, आणि कोंडूदादा ती कधी चुकवत नसे. आमच्या आळीतला नामा गाडीवान बैल बघायला म्हशाला निघाला होता. लग्नात त्याचीच गाडी होती, तो दादाला ओळखत होता. मी त्याला गाठलं.

"नामाभाऊ, माझ्या दादाला एवढा निरोप द्या. म्हणावं, मैनाच्या झाडाला पैसे लागलेत, तू येऊन बघ."

"झाडाला पैसे लागलेत, येऊन बघ," नामाने म्हणून दाखवलं. तो शहापूरचा. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

नामा परत आला तो नव्या बैलाच्या कौतुकात होता. मला दोनदा विचारावं लागलं.

"भेटला ना, घोंगड्यांच्या पालांपाशी भेटला. तू सांगितलंस तस्सं सांगितलं. एक अक्षर इकडं नाय तिकडं नाय."

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काय? बरं म्हणाला आन् गेला."

त्या एका 'बरं'वर मी शिमग्यापर्यंत दिवस काढले. रस्त्यावर बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली की दारात जाई. शिमगा गेला, अखितीज गेली. दादा आला नाही. दिवाळी आली. दादा आला नाही.

तो का आला नाही ते मला तेव्हा कळलं नाही, पण वाचणाऱ्याला आताच सांगते. वैशाखऱ्यात पैसा म्हणजे पैसाच. दुसरा अर्थ तिकडे नाहीच. कोंडूदादाने ऐकलं ते असं: झाडाला काय पैसे लागणार, असं सासूबाई म्हणाल्या ना मांडवात? आता लागलेत. ये आन् बघ. सासूची तीच थट्टा बहिणीने भर जत्रेत, परक्या माणसाच्या तोंडून भावाला धाडली, असं त्याला वाटलं. मी 'वाणी लागलेत' म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. पुढे म्हातारपणी अक्षरं शिकले तेव्हा मनात आलं होतं, तेव्हा लिहिता येत असतं तर असं झालं नसतं. मग दोन्ही शब्द पाटीवर लिहून पाहिले. लिहूनही पैसा तो पैसाच दिसतो आणि वाणी तो वाणीच. चिठ्ठीनेही दगाच दिला असता.

इकडे शिमगा झाल्यावर सासूबाईंनी चुन्याची निवळी ओतलीच. मी भारंगी नदीवर धुणं धुवायला गेले होते. परत आले तर गांडुळं वर येऊन तडफडत होती आणि पैसे रांजणाच्या कडेला चिकटले होते. आईच्या परसातून माझ्यासोबत आलेले तेवढेच तर जीव होते. त्या घरात वैशाखऱ्याचे म्हणावेत असे ते आणि मीच.

"आत्याबाई, काय केलंत हे!"

"तुझं झाड वाचवलं. आणि काय?"

मी रांजण आडवा केला आणि चुन्याची माती हातांनी काढू लागले. तळाशी आले तेव्हा घाण वास आला. बुडाचं भोक फरशीला टेकून मातीने बुजलं होतं आणि आत पाणी साठून सडलं होतं. मुळांची टोकं काळी पडली होती. मी जवळजवळ वर्षभर तांब्या तांब्या ओतत होते, ते सगळं तिथे थांबलं होतं.

घरवाले वखारीतून आले तेव्हा मी तशीच मातीत बसलेली. ते म्हणाले, "भारंगीच्या काठची माती आणू का?" आणि घमेलं घेऊन गेले. तो माणूस मला तिथून पुढे आपला वाटायला लागला.

नदीची माती आणि मधली चांगली राहिलेली आईची माती मी मिसळली. जिवंत गांडुळं वेचून परत आत सोडली. रांजणाखाली चुलीसारखे तीन दगड लावले, म्हणजे पाणी वाहून जाईल. पैशांचं काय करावं ते मात्र समजेना. मग मी चार पैसे मातीच्या एका पसरट परळात ठेवले, सोबत आंब्याचं एक हिरवं पान आणि एक सडकं. दोन दिवसांनी बघते तर सडक्या पानाची चाळण झाली होती आणि हिरव्याला त्यांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. हे बिचारे माझं झाड खात नव्हते. पाणी साचलं, पानं कुजली, म्हणून जेवायला जमले होते. जेवण मीच वाढलं होतं.

तिथून पुढे मी गळकी पानं उचलू लागले आणि माती बोटाने दाबून कोरडी लागली तरच पाणी घालू लागले. पैसे जास्त झाले की सूप भरून सासूबाई उकिरड्यावर सोडून येत. थोडे उरत, त्यांना राहू देत असू. आंबा पुन्हा फुटला. तांबूस कोवळी पानं आली. पण आठवण आली की तांब्या उचलायची सोय गेली. नुसती झाडाजवळ उभी राहायची.

अशा दिवाळ्या येत गेल्या. मुराळी आला नाही. घरवाले एकदा म्हणाले, "चल, मीच सोडून येतो तुला." मी नाही म्हटलं. बोलावणं नसताना कशी जाऊ? आणि खरं सांगायचं तर मलाही राग होता. एवढं झाड मरतंय म्हणून सांगितलं, तर 'बरं' म्हणून हा माणूस बैल बघायला गेला!

एका भाऊबीजेला मी ताट घेऊन अंगणात आले. दादासाठी करतात तसंच सगळं ताटात होतं. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ येत नाय तं आभाळातल्या चंद्राला ओवाळ. रीत हाय."

"चंद्राला ओवाळायला माझा भाऊ काय मेलाय?"

मी ताट घेऊन वळले आणि आंब्याच्या झाडाला ओवाळलं. सासूबाई हसतील असं वाटलं होतं. त्या आत गेल्या आणि गुळाचा खडा आणून त्यांनी रांजणाच्या कडेवर ठेवला.

"ओवाळल्यावर तोंड गोड करायला नको?" एवढंच म्हणाल्या. त्या खड्याला मुंग्या लागल्या ती गोष्ट वेगळी.

लढाईच्या दिवसांत गवताला मागणी वाढली. दिवाळी संपली की मुरबाडकडून गवताने भरलेल्या गाड्या आसनगावच्या वखारींकडे जात. त्यातल्या दोन आमच्या आळीच्या तोंडाशी थांबल्या, तो कार्तिकातला दिवस होता. मी तांदूळ निवडत दारात बसले होते. सावली पडली म्हणून वर पाहिलं. कोंडूदादा उभा होता. डोक्याला गवताच्या काड्या, मिशीत दोन पांढरे केस.

मी उठले. तांदूळ सांडले.

"बस रे, दादा. आत ये."

"आत नाय येत. गाडी उभी हाय." तो अंगणातच राहिला. त्याची नजर रांजणावर गेली. आंबा तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता. दादाने एक पान उलटून पाहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "मग? कुठं हायत पैसे?"

"आता कुठले एवढे," मी म्हटलं. "असतील चार-दोन तळाला."

"चार-दोन?"

"तेव्हा यायचं होतंस आन् बघायचं होतंस. ओंजळीओंजळीने निघायचे. आत्याबाई सुपात भरून न्यायच्या."

"कुठं न्यायच्या?"

"उकिरड्यावर."

दादाने माझ्याकडे नीट बघितलं. "पैसे सुपात भरून उकिरड्यावर टाकलेत तुमी?"

"मग काय करायचं? घरभर फिरत होते. एकदा ह्यांच्या अंथरुणात निघाले."

"मैने," दादाचा आवाज चढला, "गरिबाची थट्टा करायची तं सरळ कर. हंडा नाय दिला आमी, मान्य. म्हणून परक्याच्या तोंडून जत्रेत मला ऐकवायचं? झाडाला पैसे लागलेत, येऊन बघ म्हणे! चार माणसं होती तिथं. एक जण तं म्हणाला, जा कोंडू, पोतं घेऊन जा."

मला काहीच कळेना. "थट्टा? माझं झाड मरत होतं, दादा! तुझ्याशिवाय कोणाला विचारू? आन् तू 'बरं' म्हणून निघून गेलास!"

"पैशांनी झाड मरतं?"

"मला वाटलं मरतं. आता कळलंय, ते काय करत नायत. तेव्हा नव्हतं कळलं."

दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग मी खाली बसले, रांजणातलं एक ओलं पान बाजूला केलं, आणि खालचा एक पैसा उचलून दादाच्या तळहातावर ठेवला. तो लगेच गुंडाळून गोल झाला.

"हा काय. हा पैसा."

दादाने हात डोळ्यांजवळ नेला. त्याची मिशी हलली.

"मैने," तो हळू म्हणाला, "हा तं वाणी हाय."

तो शब्द मी किती वर्षांनी ऐकला. ऐकला आणि मला आमचं परस दिसलं, शेप्याच्या मुळाशी पडलेली पानं दिसली, आईचा आवाज कानात आला. मी तो शब्द विसरले नव्हते. एका खराट्याला आणि विहिरीवरच्या हसण्याला भिऊन बाजूला ठेवला होता, आणि मग तो तिथेच राहून गेला होता.

दादा फरशीवर बसला. हसत होता की काय करत होता ते कळत नव्हतं, खांदे हलत होते. हातातला वाणी हळूहळू उलगडला आणि त्याच्या मनगटावर चालू लागला. दादाने त्याला झटकलं नाही.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई. "पावण्या," त्या म्हणाल्या, "मांडवात बोलले ती मी. हिच्या तोंडी घालू नको. माझी जीभ तशी हाय, जन्मापासून." मग जराशाने त्यांना राहवलं नाही. "पण झाडाला पैसे लागले का नाय शेवटी?"

दादा खरंच हसला. मी पाणी आणलं, तो प्यायला. मग उठून म्हणाला, "गवत उतरवतो आन् परतताना येतो. लुगडी बांधून ठेव."

"दिवाळी तं गेली," मी म्हटलं.

"जाऊ दे. मुराळी आलाय ना?"

सासूबाईंनी माझी वळकटी स्वतः बांधली. "झाडाला पाणी मी घालीन," म्हणाल्या.

"थोडंच घाला. बोटाने बघून."

"कळतं गो मला. चुना नाय घालत."

रिकामी गाडी घेऊन आम्ही निघालो. काळू नदी ओलांडली, सरळगाव गेलं. सगळी वाट दादा बोलत होता, कोणत्या बैलाचं काय झालं, कोणाचं लग्न झालं. मी ऐकत होते आणि प्रत्येक बातमीबरोबर मनात म्हणत होते, हे झालं तेव्हा मी नव्हते, हेही झालं तेव्हा मी नव्हते. टोकावडे मागे पडलं आणि डोंगर समोर आला. तो तेवढा होता तसाच होता.

आई घरामागे होती. मी पुढच्या दाराने न जाता तशीच परसात गेले. ती शेप्याखाली बसून वाल सोलत होती. पाठ वाकली होती. पावलं वाजली तशी तिने मान वर केली, पण डोळे माझ्यावर न थांबता जरा बाजूला थांबले. तिला अंधुक दिसायला लागलं होतं, हे दादाने वाटेत सांगितलंच नव्हतं.

"कोण गो?"

"मी."

तिने हात पुढे केला. मी तो धरून खाली बसले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानातलं चाचपलं, दंड चाचपला. हाताला तोच राखेचा वास. मग तिने विचारलं, "झाड मेलं ना?"

"नाय आये. खांद्याएवढं झालंय. कोणी सांगितलं मेलं म्हणून?"

"कोणी नाय. माझं मीच." तिने शेप्याच्या पलीकडे बोट केलं. "ती बघ."

कुडाच्या कडेने फुटकी मडकी ओळीने मांडलेली होती. एकाला कान नव्हता, एकाचं तोंड उडालेलं. प्रत्येकात आंब्याचं एकेक रोप. पहिलं चांगलं कमरेएवढं होतं, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटचं वीतभर, दोन तांबूस पानांचं.

"हे काय, आये?"

"तुझी हायत. कोंडू जत्रेतून आला आन् म्हणाला, मैनीला आता पैसा झाला, तिला आपली गरज नाय. मी म्हटलं, झाला असेल, बरंच हाय. पण 'येऊन बघ' म्हणाली ना? मग मी विचार केला, झाड बरं असतं तं पोरीने बघायला कशाला बोलावलं असतं? मेलं असणार. म्हणून त्या आखाडात शेप्याची दुसरी कोय लावली, तू आलीस की द्यायला. तू नाय आलीस. मग पुढच्या आखाडात वाटलं, आणखी एक असू दे. मग तशीच लावत गेले."

"मला कळवायचं तरी!"

"कोणाकडून? हा तिकडं जायला तयार नाय. आन् माझे पाय टोकावड्याच्या पुढं जात नायत."

दादा मागे येऊन उभा होता. तो बैल सोडायला निघून गेला.

मी उठून त्या मडक्यांपाशी गेले. आई मागून काठी टेकत आली. शेवटचं मडकं मी अलगद उचललं, ते किती जड आहे ते बघायला, किंवा नुसतंच. खालची माती ओली होती. त्या ओल्या वर्तुळात काहीतरी हळूच हललं, उजेड लागला तसं गुंडाळून गोल झालं.

आई माझ्या खांद्याला धरून वाकली. तिला दिसत नव्हतं.

"काय हाय गो खाली?"

माझ्या जिभेवर आधी दुसराच शब्द आला. तो मी गिळला.

"वाणी हाय, आये."

"असू दे मग," आई म्हणाली. "तो काय करत नाय."

मी मडकं होतं तसं परत खाली ठेवलं.